मंदगती लिम्फोमा : प्रतिमांकनाचे स्थान (शहापूर-मुरबाड परिसर)

लसीका ग्रंथींतील पांढऱ्या पेशींचा जो कर्करोग वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, त्याला मंदगती लिम्फोमा म्हणतात. फॉलिक्युलर लिम्फोमा हा त्याचा सर्वाधिक आढळणारा प्रकार. मान, काख किंवा जांघेत न दुखणारी गाठ हे त्याचे नेहमीचे पहिले लक्षण. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या भातशेतीच्या तालुक्यांत, जिथे पायाच्या जखमेने अवधाण येणे किंवा क्षयाने मानेत गाठी होणे लोकांना ठाऊक असते, तिथे अशी गाठ सहज दुर्लक्षिली जाऊ शकते.

तालुक्याच्या गावी होणाऱ्या सोनोग्राफीत गाठीचा आकार व प्लीहेची वाढ दिसते. पण लिम्फोमा सिद्ध होतो तो बायोप्सीनेच, म्हणजे गाठीचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली तपासून. क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये (त्याची माहिती पुढे आहे) उजळते, त्यामुळे नुसत्या स्कॅनवरून कर्करोग ठरवणे जितके चूक, तितकेच बायोप्सी टाळून क्षयाची औषधे देत राहणेही.

पेट-सीटी तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन-18 जोडलेला ग्लुकोजसदृश पदार्थ शिरेतून देतात आणि तो अधिक ओढून घेणाऱ्या पेशी चित्रात उजळतात. फ्लोरिन-18 चे अर्धायुष्य सुमारे 110 मिनिटेच असल्याने तो साठवता येत नाही व तो बनवणारा सायक्लोट्रॉन फार दूर असून चालत नाही. देशातील पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 मध्ये मुंबईतील परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. या तपासणीसाठी मुंबई गाठायची, तर मुरबाडचा रुग्ण एसटीने कल्याणला येऊन आणि खर्डी-आसनगावचा रुग्ण कसारा लोकलने, तपासणीआधी सुमारे सहा तास उपाशी राहायचे असल्याने रिकाम्या पोटीच निघतो. म्हणून मधुमेहींनी औषधांच्या वेळा आधीच विचारून घेणे आवश्यक ठरते.

इतक्या खटाटोपाचे चीज होते ते मुख्यतः उपचारांच्या आरंभी. 2014 च्या लुगानो वर्गीकरणानुसार आजाराचा टप्पा पेट-सीटीने ठरवतात: तो एकाच भागापुरता असल्यास केवळ किरणोपचार पुरेसे ठरू शकतात, पसरलेला पण त्रास न देणारा असल्यास बहुधा औषधांविना देखरेख ठेवतात. एखादी गाठ इतरांहून फार उजळ दिसली, तर आजार वेगवान रूपात बदलल्याची शंका घेऊन बायोप्सी तिथलीच करतात. मार्जिनल झोन प्रकार मात्र अनेकदा फारसा उजळत नाही. तिथे साधे सीटी स्कॅन उपयोगी पडते.

देखरेखीच्या काळात ठरावीक मुदतीने पेट स्कॅन करणे सहसा अनावश्यक असते, कारण त्यात किरणोत्सार, खर्च आणि मजुरीचा बुडालेला दिवस येतो. हाताने तपासणी, वजन व रक्तचाचण्या यांवर बहुतेक काम भागते आणि ते तालुक्यातही होऊ शकते. गाठ झपाट्याने वाढली, ताप किंवा रात्रीचा घाम सुरू झाला, तर मात्र विलंब न करता पुन्हा स्कॅन करावे लागते, आणि त्या वेळी तुलनेसाठी पहिल्या स्कॅनची सीडी व अहवाल हाताशी असणे फार मोलाचे असते.