अधांतरी

एक विषय आपल्या घरात बोलला जात नाही. आई मुलीला प्रवासाला निघताना एवढंच सांगते, ‘बाहेर कुठे टेकू नकोस हं!’ मुलगी ते ऐकते. कमोडच्या कडेला अंग लागू न देता, गुडघे वाकवून, अधांतरी राहून ती लघवी उरकते. ही सवय कुठून आली?

१८५१ साली लंडनच्या हाइड पार्कमध्ये जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं. जॉर्ज जेनिंग्ज यांनी तिथे पाण्याने धुतली जाणारी स्वच्छतागृहं बसवली. एक पेनी देऊन ८,२७,२८० जणांनी ती वापरली. पुढे शहरात पुरुषांसाठी मुताऱ्या झाल्या, त्या फुकट. बायकांसाठी जागा थोड्या आणि तिथे पेनी मोजावी लागे. नाटककार बर्नार्ड शॉ सेंट पँक्रस भागाचे नगरसेवक असताना बायकांच्या स्वच्छतागृहासाठी भांडले. १९०९ साली त्यांनी त्यावर लेख लिहिला आणि बायकांना मताधिकार का हवा, याचं हेही एक कारण म्हणून मांडलं.

जागा मिळाल्या, पण त्यांच्या स्वच्छतेवर विश्वास बसला नाही. १९९१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी स्त्रीरोग विभागात आलेल्या ५२८ जणींना विचारलं, बाहेर गेल्यावर तुम्ही कशा बसता? ८५ टक्के अधांतरीच राहत होत्या. १२ टक्के कागद पसरून बसत. सरळ बसणाऱ्या फक्त २ टक्के! मग मोजमाप झालं. अधांतरी राहिल्यावर धारेचा सरासरी वेग २१ टक्क्यांनी घटला आणि मूत्राशयात मागे उरणारी लघवी १४९ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ अडीचपट झाली.

कारण साधं आहे. लघवी होताना ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडावे लागतात. तोल सावरण्यासाठी मांड्या ताठ धरल्या, की ते पुरते सैल पडत नाहीत. आपलं उकिडवं बसणं वेगळं. त्यात पावलं टेकलेली असतात, अंग विसावलेलं असतं. लघवी वरचेवर मागे राहिली, तर जंतुसंसर्गाला वाव मिळतो.

२०११ मध्ये मुंबईत बायकांनी ‘राइट टू पी’ ही मोहीम सुरू केली. तक्रार लंडनचीच होती: पुरुषांना फुकट, आम्हाला पैसे. आणि पैसे देऊनही घाण.

आईचा सल्ला चुकीचा म्हणवत नाही. घाणीपुढे तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. पण मुलीने निर्धास्त टेकावं अशी जागा देणं, हे काही आईचं काम नव्हे. ते गावाचं, नगरपालिकेचं, आपल्या सर्वांचं काम आहे.