वाफारा, गिरणी आणि ह्युमिडिफायर: सर्दी झालेल्या लेकराच्या खोलीचा इतिहास



आजचा विषय ऐकून काही जण हसतील. आपण या मालिकेत किल्ले, पेठा, बंदरं, दुष्काळ यांच्याबद्दल बोलत आलो, आणि आज मी बोलणार आहे ह्युमिडिफायरबद्दल. त्याला कारण आमच्या घरातलं आहे.

मी बंगळुरूत राहतो. शहाजीराजांच्या जहागिरीचं हे गाव, समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. हवा छान, असं सगळे म्हणतात. पण फेब्रुवारी-मार्चमध्ये इथली दुपारची हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. अशाच एका फेब्रुवारीत आमच्या आठ महिन्यांच्या नातीला सर्दी झाली. नाक चोंदलेलं, दूध ओढता येईना, रात्रभर किरकिर. आमची सौ. म्हणाली, वाफारा द्या. सूनबाई नागपूरची, ती म्हणाली, आई, वाफारा नको, ह्युमिडिफायर मागवू. मुलगा मोबाइलवर यंत्रं बघत बसला. एवढ्यात सौ.ने गरम पाण्याचं पातेलं आणून खाली ठेवलं, आणि बाळाचा हात त्याच्या काठापर्यंत गेला. सूनबाईने वेळेवर उचललं म्हणून निभावलं. त्या रात्री मला झोप आली नाही. मग मी हा इतिहास वाचायला घेतला.

सुरुवात वाफाऱ्यापासून करू. आपल्याकडे आयुर्वेदात स्वेदन आहे, घरोघरी ओव्याची पुरचुंडी आहे, बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी आणि धुरी आहे. युरोपातही हेच चालू होतं. १७७८ साली इंग्लंडमधल्या प्लिमथचे डॉक्टर जॉन मज यांनी खोकल्यावर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात एका यंत्राचं वर्णन केलं. यंत्र म्हणजे जस्तासारख्या दिसणाऱ्या मिश्रधातूचा, दारू प्यायचा मग. मुठीला भोकं पाडलेली, झाकणाला नळी. भोकांतून हवा आत जायची, गरम पाण्यातून वर यायची आणि रोग्याच्या तोंडात पोहोचायची. पुढे १८६० च्या दशकात नेल्सन इनहेलर नावाचं चिनी मातीचं भांडं आलं. ते इतकं साधं आणि टिकाऊ होतं की त्याचे नमुने आजही वापरात दिसतात.

मुलांसाठी मात्र वेगळी सोय होती. लांब चोचीची किटली चुलीवर ठेवायची, पलंगावर चादरीचा तंबू करायचा आणि वाफ त्या तंबूत सोडायची. घटसर्प आणि क्रूप या दोन आजारांत मुलाचा घसा आवळत जायचा, श्वास घेताना आवाज यायचा. प्रतिजैविकं नव्हती, लस नव्हती. अशा वेळी आईबापांच्या हातात करण्यासारखं जे होतं, ते म्हणजे वाफ. उपाय किती लागू पडतो हे कुणी मोजलं नव्हतं, पण काहीच न करता बसवत नाही, हेही खरंच. वाफेच्या पुढच्या सगळ्या इतिहासाच्या मुळाशी ही आईबापांची अगतिकता आहे.

आता पाण्यात टाकायच्या तेलाकडे येऊ, कारण त्याचा संबंध थेट बंगळुरूशी आहे. आपण ज्याला निलगिरी म्हणतो ते झाड मुळात ऑस्ट्रेलियाचं. १७९० च्या सुमारास टिपू सुलतानाने ते बंगळुरूजवळच्या नंदी टेकडीवरच्या बागेत लावलं, असं भारतीय वनशास्त्राच्या इतिहासात सांगितलं जातं. निलगिरी पर्वतात त्याची लागवड १८४३ पासून सुरू झाली, तीही जळणाच्या लाकडासाठी. मराठीत झाडाला त्या डोंगराचंच नाव पडलं. त्याच कर्नाटकात २०१७ साली सरकारने नव्या निलगिरी लागवडीवर बंदी घातली, कारण ही झाडं जमिनीतलं पाणी फार ओढतात, अशी तक्रार होती.

बामची गोष्ट तर मुंबईची. काशीनाथुनी नागेश्वर राव या आंध्रच्या माणसाने १८९३ साली मुंबईत अमृतांजन सुरू केलं. पुढे तो कारखाना मद्रासला गेला. अमेरिकेत त्याच सुमारास लन्सफर्ड रिचर्डसन यांनी व्हिक्स बनवलं. या सगळ्यांत मेंथॉल, कापूर, निलगिरी असे उग्र वासाचे पदार्थ. इथे एक गंमत लक्षात घ्या. मेंथॉल नाक उघडत नाही. नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना ते चेतवतं, आणि मेंदूला वाटतं की गार हवा खेळू लागली. नाक आतून सुजलेलंच असतं. मोठ्या माणसाला तेवढा दिलासाही पुरतो. पण तान्ह्या मुलाला कापूर बाधतो, पोटात गेला तर झटके येऊ शकतात. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलांना असे बाम लावू नयेत, आणि वाफेच्या यंत्रात कापूर किंवा तेल टाकू नये.

मग ह्युमिडिफायर आला कुठून? बाळाच्या खोलीतून नाही. तो आला कापडगिरणीतून.

सुताचा स्वभाव असा की हवा कोरडी झाली की धागा तुटतो. मुंबईत गिरण्या फोफावल्या त्याची कारणं अनेक, पण समुद्राकाठची दमट हवा सुताला मानवते हे त्यातलं एक. लँकेशायरमध्ये मालक विणकाम विभागात चक्क वाफ सोडायचे. कामगार दिवसभर त्या ओलसर उकाड्यात उभे राहायचे आणि घामेजल्या अंगाने बाहेरच्या थंडीत घरी जायचे. त्यांनी इतकी ओरड केली की १८८९ साली ब्रिटिश संसदेला गिरणीतल्या दमटपणावर मर्यादा घालणारा कायदा करावा लागला. म्हणजे हवेत ओल किती असावी, यावर सरकारने कायदा केला तो कामगारांच्या तब्येतीमुळे, आणि ओल मुळात सोडली जात होती ती धाग्यासाठी.

१९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद ताणले जायचे आणि रंग जागच्या जागी बसायचे नाहीत. त्यावर विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने हवेतली ओल ताब्यात ठेवणारी यंत्रणा आखली. एअर कंडिशनिंग हा शब्द १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर यांनी वापरला, तोही गिरण्यांतल्या हवेला ओल देण्याच्या संदर्भात. आमच्या बंगळुरूतही १८८४ साली सुरू झालेली बंगलोर वुलन, कॉटन अँड सिल्क मिल्स होती, जिला सगळे बिन्नी मिल म्हणत. गिरणगावात ज्यांचे आजोबा साच्यावर उभे राहिले, त्यांच्या नातवंडांच्या उशाशी आज त्याच कल्पनेचं छोटं यंत्र फुसफुसतंय.

आणि नागपूर-अकोल्याच्या मंडळींनी तर याचं आश्चर्यच मानू नये. उन्हाळ्यात तुम्ही लावता तो कूलर, त्याआधीचे वाळ्याचे पडदे, हे सगळे बाष्पीभवनावर चालणारे ह्युमिडिफायरच. ओल्या वाळ्यातून वारा गेला की हवा गार होते आणि ओलीही होते.

आजच्या बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला, पाणी उकळून वाफ सोडणारा. त्यात जंतू मरतात, पण भाजण्याचा धोका असतो. दुसरा, ओल्या जाळीवरून पंख्याने हवा फिरवणारा, म्हणजे आपला छोटा कूलर. तिसरा, अल्ट्रासोनिक, जो आज सगळ्यात जास्त विकला जातो. त्याची कथा १९२७ ची. वुड आणि लूमिस या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तीव्र अल्ट्रासाउंडचे प्रयोग करताना पाहिलं की द्रवाच्या पृष्ठभागावरून धुकं उठतं. आजच्या यंत्रात एक छोटी चकती सेकंदाला १५ लाखांहून अधिक वेळा थरथरते आणि पाण्याचं धुकं करते. गरम नाही, आवाज नाही, वीज थोडी.

पण यात एक खोच आहे. पाणी उकळलं की क्षार भांड्यात राहतात. धुकं केलं की क्षार, जंतू, जे काही पाण्यात असेल ते सगळं हवेत जातं. बंगळुरूला १९७४ साली कावेरीचं पाणी आलं, तरी शहराचा मोठा भाग आजही बोअरवेल आणि टँकरवर आहे. ते पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. अशा पाण्यावर हे यंत्र चालवलं की सकाळी टेबलावर, टीव्हीवर पांढरी भुकटी बसलेली दिसते. हीच भुकटी रात्रभर बाळाच्या नाकातही जात असते.

याची सर्वांत भयंकर गोष्ट दक्षिण कोरियात घडली. तिथले हिवाळे कोरडे, घरोघरी ह्युमिडिफायर. टाकीत बुरशी होऊ नये म्हणून १९९४ पासून एक जंतुनाशक द्रव विकला जाऊ लागला. पाण्यात टाकायचा, बस. आईबाप तो मुलांच्या काळजीपोटीच टाकत होते. त्यातली रसायनं इतर कामांसाठी वापरात होती, पण ती श्वासातून आत गेली तर काय होईल, हे नीट तपासलं गेलं नव्हतं. २०११ च्या वसंतात सोलच्या एका रुग्णालयात गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायका फुप्फुसं निकामी होऊन दाखल होऊ लागल्या. त्याआधी काही वर्षं लहान मुलांमध्येही असाच आजार दिसत होता. शोध घेता घेता धागा त्या बाटलीपर्यंत पोहोचला आणि त्याच वर्षी ती उत्पादनं बाजारातून काढली गेली. मृतांचा आकडा एक हजाराच्या पुढे गेला. कित्येक आईबापांना आयुष्यभर हे ओझं राहिलं की विष आपणच आपल्या हाताने ओतलं. दोष त्यांचा नव्हता, पण मन कुठे ऐकतं?

आता मूळ प्रश्न. ओलसर हवेने सर्दी बरी होते का? २००६ साली टोरांटोच्या डॉक्टरांनी क्रूप झालेल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. दमट हवा देऊनही मुलांना वेगळा फायदा दिसला नाही. शंभर वर्षांची किटली आणि तंबू तिथे निकालात निघाले. साध्या सर्दीत गरम दमट हवा घेण्याबद्दल आपल्याच चंडीगडच्या डॉक्टरांनी जगभरचे अभ्यास एकत्र तपासले, आणि ठाम फायद्याचा पुरावा त्यांनाही मिळाला नाही. सर्दी विषाणूची, ती आपल्या मुदतीने जाते.

मग यंत्र घ्यायचंच नाही का? तसंही नाही. हवा खरोखर कोरडी असेल तर नाकातला शेंबूड वाळतो, बाळाला त्रास होतो, आणि थोडी ओल आराम देते. आरामासाठी घ्या, औषध म्हणून घेऊ नका. आम्ही आधी विकत घेतला तो हायग्रोमीटर, हवेतली ओल दाखवणारं छोटं यंत्र. १७८३ मध्ये जिनिव्हाच्या सोसूर यांनी माणसाच्या केसावर चालणाऱ्या हायग्रोमीटरबद्दल लिहिलं होतं, कारण ओल वाढली की केस लांबतो. आजचा आकडे दाखवतो, इतकंच. खोलीत ३० ते ५० टक्के ओल पुरे. बंगळुरूत जुलै-ऑगस्टमध्ये, किंवा कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात, ह्युमिडिफायर लावणं म्हणजे भिंतीवर बुरशीला आमंत्रण.

घ्यायचाच तर गार हवेचा घ्या. टाकीत अख्खा हात जाऊन घासता येईल अशा रुंद तोंडाचा घ्या. पाणी रोज बदला, टाकी रोज धुऊन कोरडी करा. अल्ट्रासोनिक असेल तर डिस्टिल्ड पाणी वापरा. टाकीत तेल, बाम, जंतुनाशक काही टाकू नका. बाळापासून काही फूट लांब ठेवा. आणि नाक मोकळं करायला साधे सलाइनचे थेंब, वरचेवर अंगावरचं दूध, एवढ्याने बरंच काम होतं. मध चाटवायचा तर वर्षाच्या आत मुळीच नाही. दुकानातून सर्दीचं औषध आणून पाजू नका. २०२३ साली केंद्राच्या औषध नियंत्रकांनी क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं बजावलं आहे.

शेवटी गडचिरोलीला जाऊ. १९८० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथल्या गावांत मुलांच्या न्यूमोनियावर काम केलं. गावातल्या दाया आणि आरोग्यसेवक यांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवलं. अंक न येणाऱ्या दायांसाठी एका मिनिटाची वाळूची घडी आणि मणी असलेलं श्वास मोजायचं साधं उपकरण केलं. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलेल्या निष्कर्षांनुसार त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याहून कमी होते.

गडचिरोलीतल्या निरक्षर दाईला जे जमलं ते आपल्यालाही जमायला हवं. बाळ शांत असताना पोटाकडे बघा आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाला ६० किंवा अधिक, दोन ते बारा महिन्यांच्या बाळाला ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा अधिक श्वास भरले, तर लगेच डॉक्टर. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर रात्र-अपरात्र न बघता दवाखाना गाठा.

त्या रात्री पातेलं बाजूला ठेवून मी घड्याळ घेतलं आणि नातीचे श्वास मोजले. ३८ भरले. सूनबाईला आकडा सांगितला, सौ.लाही सांगितला. नाकात सलाइनचे दोन थेंब घातले, तिने दूध घेतलं आणि झोपली. ह्युमिडिफायर आम्ही नंतर घेतलाच, मार्चमध्ये, हायग्रोमीटरवर २८ दिसलं त्या दिवशी. पावसाळा लागला तसा तो धुऊन, पुसून माळ्यावर गेला. घड्याळ मात्र अजून पाळण्याजवळच आहे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.