पिकअप मागून खाली केल्यावर थरथर का येते? शाफ्ट बदलण्याआधी कोन मोजा

सालवड, बोईसर आणि तारापूर एमआयडीसीच्या पट्ट्यात पिकअप ही कमाईची गाडी आहे. केमिकलचे ड्रम, कापडाचे तागे, लोखंडी पट्ट्या असा माल ती दिवसभर वाहते. काही जण दिसण्यासाठी, तर काही जण माल चढवताना हौदा खाली यावा म्हणून मागची बाजू दोन-तीन इंच खाली करून घेतात.

एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यांवर २०-३० च्या वेगात काही कळत नाही. चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागून वेग ५०-६० वर गेला की मात्र सीटखाली थरथर आणि घरघर सुरू होते. मग शाफ्ट बॅलन्स होतो, क्रॉस बदलला जातो, पैसे जातात आणि थरथर तशीच राहते. असं का होतं आणि त्यावर खरा उपाय कोणता, ते पाहू.

आधी नेमका दोष कुठे आहे?

गाडी खाली केल्यानंतर आलेली प्रत्येक थरथर शाफ्टचीच असेल असं नाही. साधा हिशेब पाहा. चाकाचा घेर २.१ मीटर धरला, तर ताशी ६० किमी वेगाला चाक सेकंदाला सुमारे ८ वेळा फिरतं. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण ४.१ धरलं, तर शाफ्ट सेकंदाला सुमारे ३२ वेळा फिरतो.

• थरथर संथ असेल, सीट किंवा स्टिअरिंग हलल्यासारखं वाटत असेल, तर टायर, रिम किंवा व्हील बॅलन्सिंग पाहा.
• त्याहून जलद, सलग थरथर असेल आणि ती ठरावीक वेगालाच वाढत असेल, तर शाफ्टचा बॅलन्स बिघडलेला असू शकतो.
• अगदी बारीक, कानात घुमणारी घरघर असेल आणि अॅक्सिलरेटर दाबला-सोडला की ती बदलत असेल, तर शाफ्टच्या कोनांवर संशय घ्या. क्रॉसचा झटका शाफ्टच्या प्रत्येक फेरीत दोनदा येतो, म्हणजे वरच्या हिशेबात सेकंदाला सुमारे ६५ वेळा.

मोकळ्या, सरळ रस्त्यावर त्याच वेगाला गिअर न्यूट्रल करून पाहा. थरथर तशीच राहिली तर दोष चाकात किंवा शाफ्टच्या बॅलन्समध्ये असण्याची शक्यता जास्त. ती लगेच कमी झाली तर इंजिनचे माउंटिंग किंवा ताणाखाली बदलणारा कोन तपासा.

क्रॉस आणि कोन यांचा संबंध काय?

गिअरबॉक्स आणि मागचं हाउसिंग एका रेषेत नसतात, म्हणून शाफ्टच्या टोकांना क्रॉस बसवलेले असतात. डिप्लोमाच्या पुस्तकात यालाच हूक्स जॉइंट म्हणतात. हे नाव सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांच्यावरून आलं.

या जॉइंटचा एक स्वभाव आहे. तो वाकून फिरत असताना एका बाजूचा वेग एकसारखा असला, तरी दुसऱ्या बाजूचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा वाढतो आणि दोनदा कमी होतो. ३ अंशांच्या कोनाला हा फरक जेमतेम ०.१४ टक्के इतका असतो. १० अंशांना तो दीड टक्क्यावर जातो.

पुढच्या क्रॉसने केलेली ही गडबड मागचा क्रॉस उलट करून भरून काढतो. त्यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही क्रॉसचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत.

यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते. नुसती उंची कमी झाली म्हणून थरथर येत नाही. हाउसिंग न फिरता सरळ वर आलं, तर दोन्ही कोन सारखेच बदलतात आणि हिशेब जुळलेला राहतो. पाट्यांची जागा किंवा शॅकल बदलताना हाउसिंग थोडं फिरतं आणि पिनियनचं नाक वर किंवा खाली जातं, तेव्हा हिशेब बिघडतो.

एक उदाहरण

सगळे उतार मागच्या दिशेने मोजले आहेत असं समजा.

• आधी: गिअरबॉक्स ३ अंश, शाफ्ट ५ अंश, पिनियन ३ अंश. पुढच्या क्रॉसचा कोन २, मागच्याचा २. जुळलं.
• खाली केल्यावर: १ मीटर लांबीच्या शाफ्टचं मागचं टोक २ इंच वर आलं की उतार सुमारे ३ अंशांनी बदलतो, म्हणजे शाफ्ट २ अंशांवर आला. शॅकल बदलल्याने पिनियन ६ अंशांवर गेला. आता पुढचा कोन १, मागचा ४. थरथर येणारच.
• उपाय: पिनियन ३ अंशांनी खाली आणला की दोन्ही कोन १ होतात.

दोन्ही कोनांतला फरक १ अंशाच्या आत आणि प्रत्येक कोन शक्यतो ३ अंशांच्या आत असावा, असा सर्वसाधारण नियम आहे. कोन अगदी शून्यही नको. शून्याला क्रॉसमधल्या बारीक सुया जागच्या जागीच राहतात आणि खड्डे पाडून क्रॉस खराब करतात.

मोजायचं कसं?

१. गाडी सपाट जागेवर, चारही चाकांवर उभी ठेवा. अॅक्सल लटकत असताना घेतलेलं माप उपयोगाचं नाही.
२. गिअरबॉक्सचं मागचं टोक, शाफ्ट आणि पिनियनचा फ्लँज या तीन जागी डिजिटल अँगल गेज लावा. फोनमधलं लेव्हल अॅप अंदाजापुरतं चालतं.
३. रिकाम्या गाडीचं आणि नेहमीचा माल भरलेल्या गाडीचं, अशी दोन्ही मापं लिहून ठेवा. मालवाहू गाडीत हे सर्वात जास्त विसरलं जातं.
४. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगपाशी पुढच्या तुकड्याचं मापही घ्या. मागच्या तुकड्याच्या दोन्ही टोकांचे कोन जुळायला हवेत.

दुरुस्ती कशी होते?

पाचर: पाटा आणि हाउसिंगच्या बैठकीमध्ये उतरती लोखंडी पाचर बसवतात. पाटे हाउसिंगच्या वर असतील तर पाचरीची जाड बाजू पुढे ठेवल्यावर पिनियनचं नाक खाली येतं. पाटे खाली असतील तर परिणाम उलटा होतो. माल वाहणाऱ्या गाडीत अॅल्युमिनियमऐवजी लोखंडी पाचर घ्या आणि एकावर एक दोन पाचरी लावू नका.

यू-बोल्ट: नवे आणि योग्य लांबीचे वापरा. थोडं अंतर चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या.

सेंटर बेअरिंग: त्याच्या ब्रॅकेटखाली पट्टी घालून किंवा काढून उंची जुळवता येते. बेअरिंगचं रबर फाटलं असेल तर आधी ते बदला.

शाफ्टची लांबी: सरकणारा योक पूर्ण आत जाऊन टेकत तर नाही ना, हे माल भरल्यावर पाहा. टेकत असेल तर खड्ड्यात धक्का थेट गिअरबॉक्सला बसतो.

खूण: शाफ्ट काढण्याआधी रंगाने खूण करा. स्प्लाइन एक दाता जरी चुकली तरी दोन्ही योक एका रेषेत राहत नाहीत आणि नवीनच थरथर सुरू होते.

पाट्यांच्या गाडीत जोर दिला की पिनियनचं नाक थोडं वर उचलतं. म्हणून जाणकार मेकॅनिक उभ्या गाडीत ते १-२ अंश खाली ठेवतात.

दुर्लक्ष केलं तर?

थरथरीमुळे क्रॉस, सेंटर बेअरिंग आणि पिनियनचं ऑइल सील लवकर जातं. क्रॉस तुटून शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं, तर ते डांबरात रुतून भरधाव गाडी उचलली जाऊ शकते.

ब्रेककडेही लक्ष द्या. काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब मालानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि अॅक्सल यांच्यातल्या अंतरावरून तो माल किती आहे ते ओळखतो. गाडी खाली केली की रिकामी गाडीसुद्धा त्याला भरलेली वाटते. मग पावसात जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरू शकते. हा व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घेणं आवश्यक आहे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधन घालतं. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये असे बदल करता येणार नाहीत असं स्पष्ट केलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम करण्याआधी आरटीओकडे विचारा आणि विमा कंपनीला कळवा.

थोडक्यात काय करावं?

टायर तपासा, मग कोन मोजा आणि त्यानंतरच सुट्या भागांवर खर्च करा. रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही स्थितींत कोन जुळत नसतील, तर गाडी पुन्हा कंपनीच्या उंचीवर आणणं हाच रोजच्या धंद्याच्या गाडीसाठी सर्वात स्वस्त आणि सुरक्षित उपाय आहे.