बंदूक कोणाच्या हाती?

खंडेनवमीला आपल्याकडे घरोघर हत्यारे पुजतात. पाटावर विळा असतो, कोयता असतो, पहार, तराजू, मुलांच्या वह्या आणि अलीकडे मोटारसायकलची किल्ली. ज्याच्यावरून त्या दिवसाला नाव पडले ते खांडे मात्र पाटावर नसते. एखाद्या जुन्या वाड्यात गंजलेली तलवार निघालीच, तर तिच्यावर झेंडूचे फूल पडते आणि पुन्हा ती माळ्यावर जाते. मग पंधरा-वीस दिवसांनी दिवाळी येते आणि पोरे टिकल्यांचे पिस्तूल उडवून घर डोक्यावर घेतात. आपल्या लोकांचा शस्त्राशी उरलेला संबंध एवढाच. तो एवढासा कसा झाला, हे या फराळाच्या दिवसांत सांगावे म्हणतो.

आमच्या कन्नडच्या माणसाला हा प्रश्न पडावा, याला कारण आहे. गावातून चाळीसगावच्या वाटेला लागले की घाट लागतो. त्याला लहानथोर सगळे औट्रम घाट म्हणतात. १९८६ साली भोवतालच्या जंगलाचे अभयारण्य झाले, त्याच्याही नावात औट्रम आहे. हा औट्रम कोण, असे वर्गात विचारले तर मुले सांगतात, ‘गुरुजी, घाट बांधणारा इंजिनेर असेल.’ तो इंजिनेर नव्हता. जेम्स औट्रम हा कंपनीच्या फौजेतला लेफ्टनंट, आणि आमच्या या डोंगरांत त्याचे नाव झाले ते भिल्लांच्या हाती बंदुका दिल्यामुळे.

त्याच्याही आधीचे सांगितले पाहिजे. सातमाळ्याच्या रांगेत आणि खाली खानदेशात गावाची राखण भिल्ल करीत. त्यांना जागले म्हणत. रात्री गावकुसाबाहेर तीरकमठा घेऊन हिंडावे, चोराचा माग काढावा, आणि सुगीला खळ्यावर आपला हक्क घ्यावा, असा तो रिवाज. म्हणजे गावाचे शस्त्र गावाच्याच माणसाच्या हाती होते आणि त्याचा पगारही गावाच्याच खळ्यावर होत होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि १८०३-०४ चा दुष्काळ यांनी खानदेश उजाड झाला. गावे ओस पडली, खळी उरली नाहीत, तेव्हा जागल्याचा हक्कही बुडाला. पोट भरण्यासाठी राखणदार डोंगरात गेला आणि ज्या गावांची राखण करी त्यांच्यावरच उतरू लागला.

पेशव्यांच्या सरसुभेदाराने, बाळाजी लक्ष्मणाने, यावर जो इलाज केला तो वाचून आजही मान खाली जाते. १८०४ च्या सुमारास कोपरगावाला भिल्लांना सलोख्याच्या बोलण्यासाठी बोलावले, विश्वासाने ते आले, आणि त्यांना वेढून मारून विहिरींत टाकले. चाळीसगाव, धरणगाव आणि आमच्या तालुक्यातला अंतूरचा किल्ला, येथेही बायकापोरांसकट कत्तली झाल्या. शब्दावर विसंबून आलेल्या माणसाचे जे झाले ते डोंगरातल्या प्रत्येक पाड्यावर कळले. त्यानंतर ‘हत्यार खाली ठेवा, सरकार तुमचे रक्षण करील’ असे कोणी म्हटले, तर भिल्लाने ते का ऐकावे?

१८१८ साली खानदेश इंग्रजांकडे आला. सात वर्षे त्यांनीही फौजा पाठवून पाहिल्या आणि तापाने शिपाई मेले. शेवटी १८२५ साली मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी चाल बदलली. तीन भिल्ल एजन्स्या काढल्या. त्यांतली दक्षिणेकडची एक कन्नडला होती. एजंटाने मागचे गुन्हे माफ करावे, जमीन, बैल, नांगर आणि तगाई देऊन लोकांना बसवावे, असा हुकूम. दुसरीकडे औट्रमने भिल्लांची पलटण उभारायला घेतली. तो कोणी साधुपुरुष नव्हता. आधी त्याने त्यांच्यावर छापे घातले होते. पण मग तो त्यांच्यात जाऊन राहिला, त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, आणि मूठभर भिल्लांनाच आपले अंगरक्षक केले. शस्त्रे त्यांच्या हातांत देऊन हा गोरा त्यांच्यामध्ये निजे. त्यातून धरणगावला भिल्ल कोअर उभी राहिली आणि घाटवाटा बऱ्याच अंशी निर्धास्त झाल्या.

यात कंपनीचा स्वार्थ होता, हे सांगावयास नको. बंदूक भिल्लाची झाली तरी तिचे तोंड कोठे वळवायचे हे साहेब ठरवी. १८५७ मध्ये ते उघड झाले. नगरच्या पोलिसांत नोकरी केलेला भागोजी नाईक सरकारवर उलटला, नांदूर शिंगोट्याजवळ त्याने पोलिस अधिकारी हेन्री याला ठार केले आणि पुढे दोन वर्षे तो डोंगरांतून लढत राहिला. औट्रम तेव्हा सर जेम्स होऊन लखनौस दुसरे बंड मोडण्यात गुंतला होता.

बंड मोडल्यावर १८६० साली एका मागोमाग दोन कायदे झाले. मला ही जोडी फार बोलकी वाटते. एक भारतीय दंडसंहिता. तिच्या ९६ पासून १०६ पर्यंतच्या कलमांनी प्रत्येक माणसाला आपला जीव, शेजाऱ्याचा जीव आणि मालमत्ता वाचवण्यासाठी बळ वापरण्याचा हक्क दिला. मसुदा मेकॉलेचा. या देशातले लोक दरोडेखोरांपुढे मुकाट्याने मान तुकवतात, त्यांच्या अंगी थोडी मर्दुमकी यावी, म्हणून हा हक्क आपण सढळ ठेवला, असे त्याने टीपेत लिहून ठेवले आहे. दुसरा कायदा हत्यारांचा. त्याने ती मर्दुमकी ज्याच्या जोरावर दाखवायची ते हातातून काढून घेण्याची सोय केली. १८७८ साली लॉर्ड लिटनने तो कायदा पक्का आवळला, आणि त्याच महिन्यात देशी वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घातले. गोऱ्या माणसाला परवाना नको, काळ्याला हवा. कूर्गच्या कोडवांना वफादारीबद्दल सूट मिळाली. ती सूट, वेगळ्या कारणांनी का होईना, अजून चालू आहे. पुढच्याच वर्षी वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना घेऊन बंड केले.

तेव्हापासून शस्त्रबंदीचे शल्य सर्व पक्षांना होते. काँग्रेसने १८८७ च्या मद्रासच्या अधिवेशनातच त्याविरुद्ध ठराव केला. गांधीजींनीही १९१८ साली इंग्रजांच्या दुष्कृत्यांत या कायद्याला अगदी काळे स्थान दिले. (हे वाक्य अलीकडे बंदुकीचे हौशी लोक फार सांगतात; ते फौजेत भरती व्हा म्हणून काढलेल्या पत्रकातले आहे, हे मात्र सांगत नाहीत.) १९२८ चा नेहरू अहवाल आणि १९३१ चा कराचीचा ठराव, दोन्हींत प्रत्येक नागरिकाला नियमांच्या आधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिलेला होता. स्वराज्य आले की तो घटनेत येणार, असे कोणालाही वाटले असते.

पण स्वराज्य सर्वांना एकाच दिवशी आले नाही. घाटाखाली चाळीसगावला १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा चढला. घाटावर कन्नडला निजामाचे राज्य राहिले. पुढचे तेरा महिने आमच्या भागातील म्हातारी माणसे ‘रझाकारी’ एवढ्या एका शब्दात सांगत. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या हुकमतीखालची ही स्वयंसेवकांची फौज. पगारी नव्हे, सरकारी नव्हे, पण सरकारचे तिच्यावर छत्र. त्यांच्याजवळ बंदुका होत्या आणि गावाजवळ काठ्या होत्या. १९४८ च्या उन्हाळ्यात सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीची विमाने भरून निजामाला शस्त्रे पोचवीत होता. ‘इमरोज’चा संपादक शोएबउल्ला खान याने रझाकारांविरुद्ध लिहिले, तो मुसलमान, तरी ऑगस्टमध्ये त्याला हैदराबादच्या रस्त्यात ठार केले. इकडे स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी सरहद्दीलगत कॅम्प उघडले. त्यांनीही बंदुका मिळवल्या, आणि त्या चालवण्याला पैसा हवा म्हणून ३० जानेवारी १९४८ ला उमरीची बँक लुटली. गांधीजींचा खून त्याच दिवशी दिल्लीत झाला.

अमेरिकेत १७९१ पासून घटनेतच शस्त्राचा हक्क आहे. तिकडचे जुन्या मताचे लोक सांगतात की सरकार जुलमी झाले तर नागरिकाच्या घरची बंदूक हाच शेवटचा आधार. युक्तिवाद सरळ आहे, आणि मी स्वतः जुन्या वळणाचा माणूस असल्याने तो मला एकदम टाकवत नाही. पण आमच्या घाटावर तो तपासून पाहा. रझाकार हेही नागरिकच होते. जुलमी सरकारचा हात नागरिकांच्याच बंदुकांनी लांब झाला होता. सरकारने शस्त्राचा मक्ता आपल्याकडे ठेवावा आणि तो कोणा टोळीला पोटभाड्याने देऊ नये, ही गोष्ट रझाकारीने जितकी पटवली तितकी कोणत्याही पुस्तकाने पटवली नसती. गाव सुटले ते १३ ते १७ सप्टेंबरच्या पाच दिवसांत आलेल्या फौजेमुळे. लढाई करावयाची तर ती सरकारने, शिस्तीच्या फौजेने, आणि लवकर उरकून करावी.

मात्र पुढचे सांगितले नाही तर हा इतिहास अर्धा राहील. निजामाने शरणागती दिल्यावर बंदुकीची बाजू पालटली. रझाकार पळाले, आणि ज्यांचा रझाकारीशी काडीचा संबंध नव्हता असे मुसलमान शेतकरी, विणकर, अत्तरवाले त्यांच्या जागी सापडले. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांचे मंडळ पाठवले. त्यांच्या अहवालाचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मेल्याचा आहे. सर्वांत वाईट स्थिती तेव्हाच्या उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडची; त्याखालोखाल जी नावे येतात त्यांत आमचा औरंगाबाद जिल्हा आहे. तो अहवाल कित्येक दशके कुलपात होता. घरातल्या दिवाळीच्या गप्पांत रझाकारीच्या गोष्टी निघतात. सप्टेंबरनंतरच्या निघत नाहीत. निघाल्या पाहिजेत, असे मला वाटते. वर्षभर आम्ही नि:शस्त्र होतो म्हणून भोगले. मग दुसरे नि:शस्त्र झाले आणि त्यांनी भोगले.

आणि आता तारखा पाहा. हे मंडळ २९ नोव्हेंबर १९४८ ला संस्थानात फिरू लागले. त्याच आठवड्यात, डिसेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला, दिल्लीत घटना समितीपुढे हरि विष्णु कामथ यांची सूचना आली: नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घाला. कराचीच्या ठरावाचा हवाला त्यांच्या बाजूने होता. डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. हक्क म्हणून लिहिले की तो चोर, दरोडेखोर, खिसेकापू यांनाही पोचतो, आणि जोर द्यावयाचा तर शस्त्र उचलण्याच्या हक्कावर नव्हे, प्रसंग पडल्यास राष्ट्रासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्यावर द्यावा, असा त्यांचा आशय. सूचना पडली. आमच्या संस्थानाचा एकही प्रतिनिधी तेव्हा त्या सभेत नव्हता. असता तर त्याने कोणत्या बाजूला हात वर केला असता? मी याचा पुष्कळ विचार केला आहे. घर जळालेल्याने कामथांकडे केला असता. पण सप्टेंबरनंतर डोळे उघडे ठेवून आपल्या गावातून फिरलेल्याने बाबासाहेबांकडे केला असता.

माझे मत बाबासाहेबांकडे आहे. तक्रार एवढीच की त्यांच्या वाक्याचा पहिला अर्धा भाग आम्ही उचलला आणि दुसरा विसरलो. एन.सी.सी.चा कायदा त्याच १९४८ सालचा. आज ज्या शाळेत ती आहे तेथली मुले वर्षाकाठी थोडीशी काडतुसे उडवतात, आणि जिथे ती नाही तेथली पोरे सिनेमातल्या बंदुकांवर वाढतात. ज्याने ‘खोल श्वास घे, सोड, मग घोडा दाब’ हे एकदा शिकून घेतले तो बंदुकीला वचकून असतो. वरातीत हवेत बार काढून कोणाचा तरी जीव घेणारा शिकलेला नसतो. अशा बारांना दोन वर्षांपर्यंतची शिक्षा २०१९ च्या दुरुस्तीत आली, हे बरे झाले.

लिटनचा कायदा जाऊन १९५९ चा आला आणि १९६२ पासून लागू झाला. त्याच्या उद्देशपत्रिकेत मोकळेपणाने म्हटले आहे की ज्याचे वर्तन आड येत नाही अशा नागरिकाला स्वसंरक्षणासाठी परवान्याने शस्त्र मिळावे. जुन्या दंडसंहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता आली. स्वसंरक्षणाची कलमे आता ३४ ते ४४ आहेत, मजकूर जवळजवळ तोच. मेकॉलेची मर्दुमकी कायम आहे. परवाना कोणास मिळतो ते मात्र आपण पाहतोच. रानडुकरांनी मका लोळवलेल्या शेतकऱ्याने अर्ज केला तर चौकशी ठाण्याकडून तहसिलीकडे आणि तहसिलीकडून ठाण्याकडे फिरते. पुढाऱ्याच्या कमरेला पिस्तूल मात्र लवकर चढते, कारण त्याच्या जिवाला धोका असल्याचे सर्वांना ठाऊक असते. २०१९ नंतर एका माणसाला तीनाऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. हे ऐकून आमच्या घाटातला एक शेतकरी म्हणाला, ‘गुरुजी, आमाला एकबी चालंल, पन गारगोट्यांची गोफन सोडून.’

अभयारण्याच्या कडेच्या शिवारांत अशी पीकरक्षणाची एखादी जुनी ठासणीची बंदूक अजून सापडते. मालक ती वर्षातून एकदा तेल लावून पुसतो, खंडेनवमीला पाटावर ठेवतो. निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो आणि ती पोत्यात गुंडाळून जमा करावी लागते. आचारसंहिता डुकरांना कोणी वाचून दाखवलेली नसते. तेवढे दिवस तो मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवतो.