खडकावरचा भाऊबंद

ओहोटीच्या वेळीं उघड्या पडणाऱ्या खडकांना कधीं कधीं एक चिवट, कातडी पिशवीसारखा पदार्थ चिकटलेला आढळतो. त्यास डोकें नाहीं, हातपाय नाहींत, हालचालही जवळ जवळ नाहीं. मात्र बोटानें दाबतांच त्याच्या दोन तोंडांतून पाण्याची चिळकांडी उडते. म्हणून इंग्रजांनीं त्यास समुद्रपिचकारी असें नांव दिलें. शास्त्रज्ञ त्यास ॲसिडिया म्हणतात. या ओबडधोबड पिशवीचें कुळ कोणतें, हा प्रश्न दोन हजार वर्षांहून अधिक काळ विद्वानांपुढें होता. आणि जेव्हां त्याचें उत्तर मिळालें, तेव्हां मनुष्याला आपली स्वतःची वंशावळ पुन्हां तपासून पाहावी लागली.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत ॲरिस्टॉटलनें या प्राण्याचें वर्णन केलें. त्याची कातडी वेष्टनें आणि त्याचीं दोन छिद्रें त्याच्या नजरेंतून सुटलीं नाहींत. वनस्पतीपासून हा प्राणी फारसा दूर नाहीं, तरीपण स्पंजापेक्षां यांत प्राणित्व अधिक आहे, असा त्यानें निर्वाळा दिला. अठराव्या शतकांत लिनीअसनें त्यास कृमींच्या विस्तीर्ण वर्गांत टाकलें. पुढें १८१५ सालीं फ्रान्समध्यें क्यूव्हिए यानें त्याच्या शरीराचें बारकाईनें विच्छेदन केलें आणि शिंपल्यांतील कालवांसारख्या मृदुकाय प्राण्यांत त्याची गणना केली. १८१६ सालीं लामार्कनें या समूहास, अंगावरच्या आवरणावरून, ट्युनिकेटा म्हणजे कंचुकधारी असें नांव दिलें. हें आवरणही विलक्षणच! जें सेल्युलोज वनस्पतींच्या अंगीं असावयाचें, तेंच या कंचुकांत सांपडतें, हें १८४५ सालीं सिद्ध झालें. याचें हृदयही जगावेगळें: तें कांहीं वेळ रक्त एका दिशेस लोटतें, क्षणभर थांबतें आणि मग उलट दिशेस लोटूं लागतें.

इतकें पाहूनही खरी खूण कोणाच्या ध्यानीं आली नव्हती, कारण ती प्रौढ प्राण्यांत नव्हतीच. ती त्याच्या बाल्यावस्थेंत होती. या प्राण्याच्या अंड्यांतून निघणारें पिलूं बेडकाच्या पिलासारखें असतें. त्यास शेपूट असतें, तें पोहतें आणि बहुतेकांत उजेड ओळखणारा डोळ्याचा ठिपकाही असतो. १८३३ च्या एप्रिलमध्यें बीगल जहाजावरील तरुण डार्विननें फॉकलंड बेटांजवळ अशीं पोहणारीं पिलें पाहिलीं होतीं. परंतु त्या शेपटांत काय दडलें आहे, याची त्यास तेव्हां कल्पना नव्हती.

तें रहस्य १८६६ सालीं अलेक्झांडर कोवालेव्हस्की या जेमतेम पंचविशी गांठलेल्या रशियन तरुणानें उलगडलें. नेपल्स येथें अँफिऑक्सस या लहानशा मत्स्यसदृश प्राण्याच्या वाढीचा अभ्यास करून त्यानें आधींच हातखंडा मिळविला होता. त्याच पद्धतीनें त्यानें ॲसिडियाचें अंडें टप्प्याटप्प्यानें तपासलें. पिलाच्या शेपटाच्या मधोमध एक लवचीक दांडी धांवत होती, हीच पृष्ठरज्जु. तिच्यावरच्या बाजूस, बाह्य स्तराची घडी मिटून, मज्जेची नळी बनत होती. माशाच्या, पक्ष्याच्या, मनुष्याच्या गर्भांत जी रचना उमटते, तीच ही! क्यूव्हिएचें वर्गीकरण कोलमडलें. खडकावरची पिशवी कालवाची बहीण नसून पाठीचा कणा असणाऱ्यांची भाऊबंद ठरली.

डार्विननें १८७१ च्या आपल्या मानववंशविषयक ग्रंथांत या शोधाचें महत्त्व मुक्तकंठानें सांगितलें. परंतु सर्वांस तें पटलें नाहीं. गर्भशास्त्राचे आद्य आचार्य फॉन बेअर यांनीं १८७३ सालीं, वयाच्या ऐंशीनंतर, त्याविरुद्ध लेखणी उचलली. पुराव्यानें मात्र कोवालेव्हस्कीचीच बाजू घेतली.

यांतून एक निराळाच वाद उपस्थित झाला. पिलूं कांहीं तास, फार तर कांहीं दिवस पोहतें. मग डोक्याकडच्या भागानें खडकाला चिकटतें. शेपूट, पृष्ठरज्जु आणि डोळ्याचा ठिपका हीं सर्व नाहींशीं होतात. रे लँकेस्टर यानें १८८० सालीं या रूपांतराला अधःपाताचा नमुना ठरविलें आणि आयतें अन्न मिळालें कीं प्राणी खालावतो, असा मनुष्यसमाजालाही लागू पडणारा धडा काढला. हा धडा ऐकावयास सोपा, पण निसर्गाला अन्यायकारक आहे. आज या कुळाच्या सुमारे तीन हजार जाती ज्ञात आहेत. कांहीं खडकास चिकटतात. साल्पा साखळ्या करून खुल्या समुद्रांत तरंगतात. पायरोसोमाच्या वसाहती रात्रीं प्रकाशतात. आणि ॲपेंडिक्युलेरिया तर जन्मभर शेपूट टाकीत नाहींत. चिकटून बसणारा प्राणीही आळशी नव्हे: पाणी अविरत गाळून तो आपलें अन्न मिळवितो.

भारताच्याही वांट्याला या इतिहासाचें एक पान आलें आहे. भारतीय समुद्रांतील हर्डमानिया या जातीवर एस्. एम्. दास यांनीं १९३६ सालीं सविस्तर ग्रंथ लिहिला, आणि प्राणिशास्त्राच्या अनेक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनीं तिच्याच विच्छेदनानें या कुळाची ओळख करून घेतली.

तरी एक शंका उरली होती. दिसावयास माशासारखा असलेला अँफिऑक्सस हाच पृष्ठवंशी प्राण्यांचा सर्वांत जवळचा आप्त, असें दीर्घकाळ मानलें जात होतें. २००६ सालीं अनेक जनुकांची तुलना झाली आणि तो मान कंचुकधाऱ्यांकडे गेला. रूपानें जवळचा तो दूरचा निघाला आणि रूपानें दूरचा तो जवळचा. कोणाचें कुळ त्याच्या आजच्या बैठकीवरून ठरवूं नये, त्याचें बाल्य पाहावें, हीच शिकवण कोवालेव्हस्कीच्या सूक्ष्मदर्शकानें १८६६ सालीं दिली होती.