श्वासोच्छ्वास आणि हृदयाचा विद्युत्-आलेख

श्वासोच्छ्वासाचा हृत्क्रियेवर परिणाम होतो, ही गोष्ट हृदयाचे विद्युन्मापन सुरू होण्यापूर्वीच ज्ञात होती. कार्ल लुडविग याने स्वतः सिद्ध केलेल्या कायमोग्राफच्या फिरत्या दंडगोलावर कुत्र्याच्या रक्तदाबाचा आलेख घेतला आणि श्वास आत घेताना नाडी जलद होते व सोडताना मंदावते, असे १८४७ मध्ये दाखवून दिले. परंतु या आलेखावरून कळे ती केवळ स्पंदनांची गती. ज्या विद्युत्-क्रियेने स्पंदनास आरंभ होतो, तिच्या स्वरूपाविषयी त्यातून काहीच कळत नसे.

१८८७ मध्ये लंडन येथे ऑगस्टस वॉलर याने केशनलिकेतील पाऱ्याच्या हालचालीवरून मानवी हृदयाचा विद्युत्-आलेख प्रथम घेतला. पण विभवातील शीघ्र बदलांबरोबर पारा हलू शकत नसे. खरा वक्र गणिताने काढावा लागे. ही उणीव लायडेन येथील विलेम आइंटहोव्हेन याने विसाव्या शतकाच्या आरंभी तंतु-गॅल्व्हानोमीटरने दूर केली. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ताणलेला, चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा तंतू अत्यल्प प्रवाहानेही हले आणि त्याची छाया सरकत्या छायाचित्रपट्टीवर उमटे.

आलेख असा सुस्पष्ट झाल्यावर नवाच पेच उत्पन्न झाला. हृदय तेच असताना नुसता खोल श्वास घेतला तरी तरंगांची उंची बदले. हा बदल हृदयाच्या क्रियेतील मानावा, की केवळ त्याच्या स्थितीतील? या प्रश्नाचा निर्णय झाल्यावाचून आलेखावरून रोगनिदान करणे धोक्याचे होते.

१९१३ मध्ये आइंटहोव्हेन, फार व डी वार्ट यांनी त्याचे उत्तर दिले. दोन हात व डावा पाय हे समभुज त्रिकोणाचे शिरोबिंदू कल्पून तीन जोडण्यांच्या आलेखांवरून त्यांनी विद्युत्-अक्षाची दिशा काढली. खोल श्वासाबरोबर श्वासपटल खाली जाते, हृदय अधिक उभे होते आणि अक्ष उजवीकडे वळतो. म्हणून पहिल्या जोडणीतील आर-तरंग खुजा होतो, तर तिसऱ्या जोडणीतील उंचावतो. त्याच वर्षी वॉलरनेही श्वसन व विद्युत्-अक्ष यांच्या संबंधावर निबंध प्रसिद्ध केला.

अशा रीतीने आकारातील बदल हा गतीतील बदलापासून निराळा ठरला. पहिल्याचे कारण मुख्यतः शरीररचनेत होते, दुसऱ्याचे मज्जासंस्थेत. गतीतील बदलास फुप्फुसांतून उद्भवणारी प्रतिक्षिप्त क्रिया आणि मेंदूतील श्वसनकेंद्राचा प्रभाव ही दोन्ही कारणीभूत असतात, हे आन्रेप, पास्कुआल व रॉस्लर यांनी १९३६ मध्ये दाखविले.

तथापि या भेदाचा उपयोग सावधपणेच केला पाहिजे. तिसऱ्या जोडणीतील क्यू-तरंग खोल श्वासाने नाहीसा झाला, तर तो निव्वळ स्थितिजन्य समजण्याची प्रथा होती. परंतु एवढ्यावरून हृद्‌विकार नाही असा निर्वाळा देता येत नाही, हे पुढे दिसून आले.

१९८५ मध्ये जॉर्ज मूडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी अक्षाच्या याच दोलनावरून, श्वसनमापक न लावता, श्वसनाचा आलेख काढण्याची रीत मांडली. निदानात जो व्यत्यय वाटत होता, तोच अशा प्रकारे मापनाचे साधन झाला. मात्र त्याचे कारण आधी समजून घ्यावे लागले.