झडप-दांड्याचे तेलरोधक : नांदेड-लातूर परिसरातील मोटारदुरुस्ती

मोटारगाडीच्या एंजिनातील झडपेचा दांडा ज्या मार्गदर्शक नळीतून खाली-वर सरकतो, त्या नळीच्या तोंडाशी किंवा दांड्यावर बसविलेले रबरी कडे वा टोपण म्हणजे तेलरोधक होय. कारागीर त्याला ‘व्हॉल्व्ह सील’ म्हणतात. दांड्याच्या वंगणाला पुरेल एवढेच तेल नळीत जाऊ देणे व उरलेले अडविणे हे त्याचे कार्य. ते कडक झाले वा तडकले, की तेल ज्वलनकक्षात शिरून जळते व निष्कास नळीतून निळसर धूर निघतो. ‘गाडी ऑइल खाते’ अशी तक्रार घेऊन आलेल्या मालकाचे काम चार रबरी कड्यांवर भागेल, की सबंध एंजिन उलगडावे लागेल, हे या धुराचे कारण ओळखण्यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी : मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात रेल्वेच्या अखत्यारीत जून १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू झाली. नांदेड मीटरमापी लोहमार्गावर, तर लातूर १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंदमापी मार्गावर होते. मापे भिन्न असल्याने या दोन शहरांमधील थेट दळणवळण मुख्यतः रस्त्यावर अवलंबून राहिले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६१ मध्ये महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ स्थापन झाले. महामंडळाच्या बसगाड्यांची देखभाल त्याच्याच कर्मशाळांत होई. खाजगी मोटारी व जीपगाड्या मात्र शहरांतील लहान गॅरेजांत येत. १९५० मध्ये सुरू झालेल्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार यांत्रिकाचे शिक्षण मिळू लागले; तरी अनेक कारागीर उस्तादाच्या हाताखालीच तयार होत.

एंजिनरचनेतील बदल : जुन्या अनेक एंजिनांत झडपा सिलिंडराच्या बाजूस, ठोकळ्यातच असत. दांडा झडपेच्या खाली असल्याने ज्वलनकक्षाकडे जाण्यासाठी तेलाला वर चढावे लागे व रोधकाची निकड भासत नसे. झडपा शीर्षात गेल्यावर तेल आपल्या भारानेच नळीत उतरू लागले. या स्थित्यंतराच्या खुणा भारतीय गाड्यांतही दिसतात. जीपच्या मूळ एंजिनात सर्व झडपा बाजूस होत्या; महिंद्र कंपनीने पुढे बनविलेल्या सीजे-३बी या जीपमध्ये अंतर्ग्रहण झडपा शीर्षात व निष्कास झडपा ठोकळ्यात होत्या. अँबॅसडर गाडीस आरंभी १,४७६ घ. सेंमी. क्षमतेचे बाजूच्या झडपांचे एंजिन होते; १९५९ च्या सुमारास त्याऐवजी शीर्षझडपांचे १,४८९ घ. सेंमी.चे एंजिन आले. फियाट ११०० व तिच्यापासून झालेली प्रीमियर पद्मिनी यांच्या झडपाही शीर्षातच होत्या. डिसेंबर १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० मध्ये झडपांबरोबर कॅम-दंडही शीर्षात गेला.

निदान : लातूर बालाघाटच्या पठारावर व नांदेड गोदावरीच्या खोऱ्यात आहे. उतारावर चालक प्रवेगक सोडतो, तेव्हा पेट्रोल एंजिनातील झडपद्वार मिटते, अंतर्ग्रहण नळीत तीव्र निर्वात निर्माण होतो व सैल रोधकातून तेल ओढले जाते. उतार संपून प्रवेगक दाबताच धुराचा लोट निघतो. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना क्षणभर येणारा धूरही रोधकाकडेच बोट दाखवितो. याउलट भार वाहताना सतत धूर येत असल्यास दट्ट्याच्या कड्या झिजल्याचा संशय घ्यावा लागतो. खात्रीसाठी संपीडन-दाब मोजून सिलिंडरात चमचाभर तेल सोडतात व पुन्हा मोजतात. दाब लक्षणीय वाढला तर दोष कड्यांचा किंवा सिलिंडराच्या झिजेचा असतो.

बदलण्याची रीत : शीर्ष उतरवून झडपा घासताना रोधक बदलणे ही जुनी रीत होय. शीर्ष न उतरविताही हे काम होते. त्यासाठी ठिणगी-गुडदीच्या छिद्रातून सिलिंडरात दाबाखालील हवा भरतात. हवा-संपीडक नसेल तर मऊ दोरी आत सोडून दट्ट्या वर आणतात. झडप अशी आधारली, की स्प्रिंग दाबून चिमटे काढता येतात. दोरीचे टोक बाहेर ठेवण्याची व चिमटा आत न पडू देण्याची दक्षता घ्यावी लागते.

तथापि नळीच झिजली असेल, तर नवा रोधक फार दिवस टिकत नाही, कारण डगमगणारा दांडा त्याची कड लवकर खातो. कोरड्या हवेतील धूळ सदोष हवा-गाळणीतून शिरल्यास ही झीज वाढते. अशा वेळी नळी बदलून तिचे भोक रीमरने मापात आणावे लागते आणि मध्य सरकत असल्याने झडपेची बैठकही पुन्हा घासावी लागते. हे काम शीर्ष उतरविल्यावाचून होत नाही.

द्रव्ये व सद्यःस्थिती : पूर्वीचे रोधक बहुधा नायट्राइल रबराचे असत; उष्णतेने ते कालांतराने कडक होत. १९५७ मध्ये बाजारात आलेली फ्ल्युओरीनयुक्त रबरे अधिक उष्णता सोसतात व पुढे ती रोधकांसाठी रूढ झाली. अँबॅसडर व मारुती ८०० यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. नव्या गाड्यांत जळालेल्या तेलातील फॉस्फरस निष्कास नळीतील उत्प्रेरक निकामी करीत असल्याने या लहानशा भागाचे महत्त्व वाढले आहे. जुन्या गाडीत मात्र आजही प्रश्न पूर्वीचाच राहतो : दोष रोधकाचा, नळीचा की कड्यांचा, हे आधी ठरविणे. ते न ठरविता शीर्ष उतरविल्यास मालकाचा खर्च वाया जातो; न ठरविता नुसता रोधक बदलल्यास धूर पुन्हा दिसू लागतो.